कानात आवाज येतो, पण लॅपटॉप मुका

आमचा साक्षरता वर्ग पिठाच्या गिरणीशेजारच्या खोलीत भरतो. खोली ग्रामपंचायतीची आहे. भाडे नाही, विजेचा दिवा आहे, म्हणून आम्हाला ती बरी वाटली. गिरणीची धडधड सात वाजता थांबते. साडेसातला बायका येतात. कोणी भाकरी टाकून येते, कोणी धार काढून येते.

वर्गात एक लॅपटॉप आहे. गावच्या बचत गटाने तो जुना विकत घेतला. त्याच्या पडद्यावर धडा मोठ्या अक्षरात दिसतो आणि त्याचा आवाजही येतो. लॅपटॉप एक ओळ वाचतो. बावीस जणी ओळीवर बोट ठेवून ती ओळ मागोमाग वाचतात. ज्यांना अजून जोडाक्षरे अडतात, त्यांना या आवाजाचा फार आधार आहे. एखादीचे चुकले तरी कोणी हसत नाही, कारण सगळ्याजणी एकदम बोलतात.

श्रावणात एके दिवशी हा लॅपटॉप मुका झाला. धडा दिसे, ओळ पुढे सरके, पण आवाज नाही. आम्ही बटणे दाबून पाहिली. बंद करून पुन्हा चालू केला. काही उपयोग नाही. मग एका मुलीने आपल्या मोबाइलचा हेडफोन, म्हणजे कानात घालायची वायर, लॅपटॉपच्या भोकात घातली. तिचा चेहरा फुलला. ती म्हणाली, "बाई, यात येतोय की आवाज! अगदी खणखणीत."

वायर काढली की लॅपटॉप मुका. वायर घातली की कानात आवाज. पण त्या वायरीला दोनच टोके. एकीने ऐकायचे आणि बाकीच्या एकवीस जणींनी तिच्या तोंडाकडे बघायचे. तीन दिवसांत वर्गाला बारा जणी उरल्या.

आम्ही लॅपटॉप तालुक्याला नेला. एका दुकानदाराने तो पाच मिनिटे पाहिला आणि सांगितले, "मदरबोर्ड गेला. ४,५०० रुपये पडतील." मदरबोर्ड म्हणजे लॅपटॉपच्या पोटात असणारी मोठी पाटी. बहुतेक सगळे भाग तिच्यावर बसवलेले किंवा तिला जोडलेले असतात. गटाच्या पेटीत त्या दिवशी ५,२०० रुपये होते. त्यातले ३,००० रुपये एका सभासद बाईला कर्ज म्हणून द्यायचे ठरले होते. तिच्या मुलीला कॉलेजसाठी वसतिगृहात जागा मिळाली होती. आठ दिवसांत पैसे भरायचे होते.

गटाची बैठक बसली. लॅपटॉप का मुलगी, असा प्रश्न पडला. तसे तोंडाने कोणी बोलले नाही. पण सगळ्यांच्या मनात तेच होते. वर्ग बंद पडला तरी चालेल, असे मुलीच्या आईला म्हणता येईना. कारण तीही वर्गाला येते आणि तिचे वाचन नुकते कुठे लागले होते.

तेवढ्यात मागे बसलेली एक आजी बोलली. तिने जन्मभर उसाला पाणी पाजले आहे. ती म्हणाली, "कानात येतंय न्हवं? मग हिरीत पाणी हाय, मोटार बी चालू हाय. ह्या दाऱ्याला पाणी आलं आन् त्या दाऱ्याला न्हाई, म्हंजी दारं तुंबलंय. त्याच्यासाठी नवी मोटार कुणी बसवतं व्हय?"

आम्ही संगणक शिकलेली माणसे. पण ही गोष्ट आम्हाला सुचली नव्हती.

आवाजाचा पाट

आजीचे म्हणणे कसे बरोबर आहे ते पाहू.

लॅपटॉपमध्ये धडा आकड्यांच्या रूपात साठवलेला असतो. आकडे काही कानाला ऐकू येत नाहीत. म्हणून आत एक छोटी चिप बसवलेली असते. ती त्या आकड्यांची वीज करते. ही वीज लाटेसारखी कमीजास्त होते. इथपर्यंत पाट एकच आहे. पुढे त्याला दोन फाटे फुटतात. एक फाटा हेडफोनच्या भोकाकडे जातो. दुसरा फाटा आधी ॲम्प्लिफायरकडे जातो आणि तिथून तारेने स्पीकरकडे. ॲम्प्लिफायर म्हणजे विजेला जोर देणारा भाग. हेडफोन कानाला लागूनच असतो, त्याला वॅटचा हजारावा भागसुद्धा पुरतो. स्पीकरला मात्र सगळी खोली भरायची असते. त्याला वॅट-दोन वॅट वीज लागते. म्हणून जोर द्यावा लागतो.

स्पीकर म्हणजे तरी काय? एक लोहचुंबक, त्याच्याजवळ बारीक तारेचे वेटोळे आणि वेटोळ्याला चिकटवलेला पातळ पडदा. तारेतून कमीजास्त वीज गेली की वेटोळे पुढेमागे हलते, पडदा हलतो, हवा हलते. तोच आवाज. अशा तऱ्हेचा स्पीकर अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ साली तयार करून दाखवला. जत्रेतल्या कर्ण्यापासून मोबाइलपर्यंत अजून युक्ती तीच चालते.

तर हेडफोनमधून स्वच्छ आवाज येतो, याचा अर्थ धडा ठीक आहे, चिप ठीक आहे आणि फाट्यापर्यंतचा पाट ठीक आहे. बिघाड फाट्याच्या पुढे, स्पीकरच्या बाजूला आहे. नाहीतर फाट्यावरच आहे. स्पीकरचा ॲम्प्लिफायर बहुधा मदरबोर्डवरच असतो. तो जळला तर दुकानदाराचे म्हणणेही खरे ठरते. त्याला आम्ही लबाड म्हणत नाही. पण ती शेवटची शक्यता आहे आणि त्याने ती पहिली धरली. पैसे आमचे जाणार होते.

इथे एक खुबी ध्यानात ठेवा. आजीचा हिशोब गोल भोकात घालायच्या वायरीच्या हेडफोनलाच लागू पडतो. हे भोक साडेतीन मिलीमीटरचे असते. काही हेडफोन यूएसबीच्या चौकोनी भोकात बसतात. काही बिनवायरीचे, म्हणजे ब्लूटूथचे असतात. त्यांच्यात आवाजाची चिप त्यांची स्वतःची असते. ते वाजले म्हणून लॅपटॉपची चिप ठीक आहे असे ठरत नाही. ती विहीरच वेगळी.

आजीच्या बोलण्यातून दुसरीही एक गोष्ट निघाली. भोकातून आवाज येतो ना? मग त्याच भोकाला वीज किंवा बॅटरी असलेला बाहेरचा स्पीकर जोडला तर? भजनी मंडळाकडे तसा एक होता. त्याची वायर आणून जोडली आणि त्याच रात्री वर्ग भरला. एकादशीला तो परत द्यावा लागणार होता. पण तोवर आम्हाला सवड मिळाली. घाईने ४,५०० रुपये मोजण्याची वेळ टळली.

आधी पडदा बघावा

पुष्कळदा काहीच मोडलेले नसते. आवाज दुसरीकडे वळवलेला असतो. म्हणून आधी पडद्यावर बघावे. त्याला पैसा लागत नाही.

आमच्या लॅपटॉपवर विंडोज आहे. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, घड्याळाजवळ, कर्ण्याचे चित्र असते. त्यावर फुली असेल तर आवाज बंद केलेला आहे. लॅपटॉपच्या वरच्या ओळीतल्या एखाद्या बटणावरही तेच चित्र असते. लेकराने खेळताना ते दाबलेले असू शकते. आता तुम्ही म्हणाल, आवाज बंद असता तर हेडफोनमध्ये कसा आला असता? बरोबर विचारलेत. विंडोज हेडफोनचा आवाज आणि स्पीकरचा आवाज पुष्कळ लॅपटॉपांत वेगवेगळा लक्षात ठेवते. हेडफोन भरपूर आणि स्पीकर शून्य, असे होऊ शकते. म्हणून वायर काढून ठेवावी आणि मग आवाजाची पट्टी वर सरकवावी.

त्याच पट्टीशेजारी एक लहान खूण असते. ती दाबली की आवाज कुठे जातो आहे त्याची नावे दिसतात. तिथे ब्लूटूथचे नाव निवडलेले असेल तर आवाज कोणाच्या तरी कानातल्या यंत्राकडे चालला आहे. टीव्हीचे नाव असेल तर टीव्हीकडे. स्पीकरचे नाव निवडावे. स्पीकरचे नावच दिसत नसेल तर आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन ते कोणी बंद करून ठेवले आहे काय ते पाहावे.

आम्ही हे सगळे केले. तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसली. भोकात वायर नव्हती, तरी पडद्यावर नाव 'हेडफोन' असेच होते. लॅपटॉपला वाटत होते की वायर अजून आत आहे! हा मोठा पुरावा होता. पण त्या दिवशी आम्हाला तो कळला नाही. आम्ही पुढे गेलो.

पुढे म्हणजे ड्रायव्हरकडे. ड्रायव्हर म्हणजे गाडी चालवणारा नव्हे. विंडोजने चिपशी कसे बोलायचे हे ठरवणारी ती एक लिहून ठेवलेली कामाची रीत असते. विंडोज स्वतःला नवे करून घेते तेव्हा कधीकधी ही रीत बिघडते. काल आवाज होता, रात्री लॅपटॉपने 'अपडेट' केले आणि सकाळी आवाज गेला, असे झाले असेल तर संशय ड्रायव्हरवर घ्यावा. 'डिव्हाइस मॅनेजर' नावाच्या यादीत आवाजाच्या भागाचे नाव असते. तिथे 'रोल बॅक ड्रायव्हर' या शब्दांवर दाबले की पूर्वीची रीत परत येते. ते दाबता येत नसेल तर 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करून लॅपटॉप 'रीस्टार्ट' करावा. विंडोज ती रीत पुन्हा बसवून घेते. हे काम पहिल्यांदा जाणत्या माणसाला शेजारी बसवून करा. आणि 'फुकट ड्रायव्हर देतो' म्हणणाऱ्या कोणत्याही भलत्या जागेवरून काही उतरवून घेऊ नका. लॅपटॉप ज्या कंपनीचा, तिच्याच जागेवरून घ्या.

'रीस्टार्ट' आम्ही मुद्दाम म्हटले. नुसते 'शट डाउन' केले तर विंडोज बऱ्याचदा आतले काही जसेच्या तसे गुंडाळून ठेवते आणि सकाळी तेच उलगडते. 'रीस्टार्ट'ने मात्र ते सगळे नव्याने सुरू होते. आम्ही पहिल्या दिवशी बंद करून चालू केला होता, ते म्हणूनच पुरेसे नव्हते.

ड्रायव्हर झाला, रीस्टार्ट झाला. लॅपटॉप मुकाच.

भोकात काय असते

मग आम्ही पुन्हा त्या 'हेडफोन' शब्दाकडे आलो. वायर आत आहे हे लॅपटॉपला कळते कसे?

जुना ट्रान्झिस्टर रेडिओ तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्याला कानात घालायची वायर लावली की बाहेरचा आवाज आपोआप बंद होई. आत पितळी पाते असे. वायरीचे टोक आत गेले की पाते ढकलले जाई आणि स्पीकरची वाट तुटे. लॅपटॉपच्या भोकातही असेच बारीक पाते असते. फरक एवढाच की हे पाते स्वतः वाट तोडत नाही, ते नुसती वर्दी देते. पाते हलले की चिपला कळते, 'हेडफोन आला.' मग स्पीकर गप्प केला जातो. वायर काढली की पाते जागेवर येते आणि स्पीकर बोलू लागतो.

आता हे पाते जागेवर आलेच नाही तर? किंवा ते ज्या दुसऱ्या पात्याला टेकायला हवे, त्या दोघांच्या मध्ये काही बसले तर? मग वर्दी तीच राहते. लॅपटॉप समजतो, वायर आतच आहे. स्पीकर चांगला असतो, ॲम्प्लिफायर चांगला असतो आणि तरी खोलीत आवाज नसतो.

आमच्या खोलीत काय बसले असेल? भिंतीपलीकडे गिरणी. खिडकीतून येणारे पीठ टेबलावर, वह्यांवर, सगळ्यांवर बसते. त्यात श्रावणाची दमट हवा. ओलसर पिठाची खरपुडी कशी घट्ट होते हे बायकांना आम्ही काय सांगावे! परातीच्या कडेला रोजच बघतात.

आम्ही लॅपटॉप बंद केला. चार्जरही काढला. भोकात उजेड पाडून पाहिले. आत पांढरट कड दिसली. कधीकधी हेडफोनचे टोकच मोडून आत राहिलेले असते, तेही बघून घ्यावे. मग हवा मारायचा लहान रबरी फुगा भोकाशी धरून दाबला. तोंडाने फुंकले नाही. तोंडाच्या वाफेने पीठ आणखी ओले होते. नंतर दात कोरायची लाकडी काडी हलक्या हाताने कडेकडेने फिरवली. सुई, टाचणी, तार मुळीच घालू नये. पाते वाकले की मग खरोखर खर्च येतो. तेल किंवा पाणीही घालू नये. शेवटी हेडफोनचे टोक दहा-पंधरा वेळा आत घातले आणि बाहेर काढले. त्याने पाती घासली जातात.

लॅपटॉप चालू केला. आवाज नाही.

सगळ्यांचे चेहरे उतरले. आजी मात्र म्हणाली, "एका घमेल्यात गाळ निघत न्हाई." दुसऱ्या दिवशी आम्ही औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणले. ते लवकर उडून जाते आणि मळ सोडवते. पण ते पेट घेते, म्हणून दिव्याजवळ, चुलीजवळ आणू नये. काडीला अगदी थोडा कापूस घट्ट गुंडाळला, नुसता ओलसर केला आणि बंद लॅपटॉपच्या भोकात फिरवला. कापूस करडा होऊन बाहेर आला. अर्धा तास वाळू दिले. पुन्हा दहा-पंधरा वेळा टोक आत-बाहेर केले. मग लॅपटॉप चालू केला.

पडद्यावर 'हेडफोन' हा शब्द गेला आणि 'स्पीकर' आला. एकीने धड्यावर बोट दाबले. लॅपटॉप एवढ्या मोठ्याने ओरडला की दारातले कुत्रे पळाले. आम्ही आवाजाची पट्टी वर नेऊन ठेवली होती, ती खाली आणायची राहिली होती. वसतिगृहाचे पैसे दुसऱ्या दिवशी भरले.

उघडायची वेळ आली तर

भोक साफ करूनही आवाज आला नाही तर काय? शेजारच्या गावच्या वर्गात तसेच झाले. तिथे पडद्यावर 'स्पीकर' हेच नाव होते, पट्टी वर होती, तरी आवाज नव्हता. तिथल्या शिक्षकांनी पेन ड्राइव्हवर लिनक्स आणले आणि लॅपटॉप त्यावरून चालू केला. असे केल्याने विंडोज बाजूला राहते. लिनक्स लॅपटॉपवर बसवायचे नसते, नुसते चालवून पाहायचे असते. तिथे स्पीकर वाजला असता तर दोष विंडोजचा ठरला असता. तो वाजला नाही. म्हणजे दोष बहुधा आत, तारेत किंवा स्पीकरमध्ये.

लॅपटॉप उघडणे हे दुरुस्तीवाल्याचे काम. हमीची मुदत असेल तर तो कंपनीकडेच न्यावा. नाहीतर दुरुस्तीवाल्यासमोर बसावे आणि त्याला विचारावे, "आधी स्पीकरची तार बघता का?" यात लाजण्यासारखे काही नाही. तो आधी आतल्या बॅटरीची तार काढील. मग स्पीकरच्या तारेचे टोक पाटीवर नीट बसले आहे का ते पाहील. ते नुसते सैल झालेले असू शकते. टोक ठीक असेल तर स्पीकर सुटा करून मीटरवर बघता येतो. बऱ्याच स्पीकरांवर ४ किंवा ८ ओहम असे लिहिलेले असते. मीटरने त्याच्या जवळपासचा, थोडा कमी आकडा दाखवला तर तार सलग आहे. आकडाच आला नाही तर तार आत तुटली. मीटर नसेल तर जुन्या रेडिओवाल्यांची युक्ती आहे. भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल सुट्या स्पीकरच्या दोन तारांना क्षणभर टेकवायचा. 'टक' असा आवाज आला तर स्पीकर जिवंत आहे. नुसता टेकवायचा, धरून ठेवायचा नाही.

त्या गावात 'टक' आला नाही. उंदराने तार कुरतडली होती आणि एक स्पीकर फाटला होता. दोन्ही स्पीकर नवे घातले. मजुरीसकट ७०० रुपये झाले. पुष्कळ लॅपटॉपांत हेडफोनचे भोकही वेगळ्या लहान पाटीवर असते. ते बिघडले तरी तेवढी पाटी बदलता येते. हे सगळे तपासून झाले आणि तरी आवाज नसला, म्हणजे मग ॲम्प्लिफायर आणि मोठी पाटी यांच्याकडे वळावे.

आमच्या वर्गातली गोष्ट मात्र एवढ्यावर थांबली नाही. पंधरा दिवसांनी लॅपटॉप पुन्हा मुका झाला. पडद्यावर पुन्हा 'हेडफोन'. आम्ही काडी, कापूस घेऊन बसलो आणि बघतो तो भोकात ज्वारीच्या धाटाचा छान तासलेला तुकडा. पीठ आत जाऊ नये म्हणून एका हुशार बाईने त्याला बूच बसवले होते.

आजीने ते नखाने उपटले. लॅपटॉप बोलू लागला. आजी म्हणाली, "दाऱ्यात दगूड घातल्यावर पाणी कुठनं येईल, बाई?" बूच बसवणारी बाई सगळ्यांत मोठ्याने हसली. दुसऱ्या दिवशी तिनेच जुन्या लुगड्याची पिशवी शिवून आणली. आता वर्ग सुटला की लॅपटॉप तिच्यात जातो आणि गिरणीच्या भिंतीपासून लांब, पलीकडच्या फळीवर बसतो.